वेल्डरने परत केलेली सुई

हे खरं आहे. खोटंच सांगायचं असतं, तर स्वतःला जरा शूर दाखवलं असतं.

गेला मंगळवार. भर दुपार. भुताने यावं अशी वेळच नव्हे.

मी नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या केंद्रात खिडकीवर बसतो. जुनी सुई ट्रेमध्ये टाका, नवी न्या. एकाची सुई दुसऱ्याने टोचली की एचआयव्ही पसरतो, म्हणून ही अदलाबदल. नियम एकच. जुनी नाही, तर नवी नाही.

सात वर्षांपूर्वी एक वेल्डर रिकाम्या हाताने आला होता. त्याची सुई पोलिसाने बुटाखाली चिरडली होती.

"नियम आहे रे," मी म्हणालो. वर विनोद केला, "बूट तरी आणायचास."

तो हसला. गेला.

विकतची सुई म्हणजे एका वेळचं जेवण. त्या दिवशी पुलाखाली त्याच्यासकट चौघांनी एकच वापरली.

त्याला लागण झाली. गोळ्या फुकट होत्या, पण आणायला गेलं की मजुरी बुडायची. उपाशीपोटी घेतल्या की उलट्या. मग गोळ्या सुटल्या. मागच्या महिन्यात तो गेला.

मंगळवारी खिडकीत त्याचा धाकटा भाऊ उभा होता. रंगारी. नखांत हिरवा रंग. परवाच तपासणी झालेली... याला लागण नव्हती.

अजून.

"दादा, जुनी हरवली. दे ना एक. नाहीतर बघतो कुणाची मिळते का."

"अरे, पण नियम..."

टक्.

ट्रेमध्ये काहीतरी पडलं.

जुनी सिरिंज.

"तू टाकलीस?"

"मी कुठे? हात बघ की!"

त्याचे दोन्ही हात गजांवर होते.

मी चिमट्याने सिरिंज उचलली. चपटी झाली होती... कुणीतरी बुटाखाली चिरडावी तशी.

"मावशी!" मी आतल्या नर्सला हाक मारली. "आत कोण आलं होतं?"

"आपण दोघंच आहोत. तुला माणसात धरलं तर."

तेवढ्यात वास आला... तापलेल्या लोखंडाचा.

रंगाऱ्याने नाक वर केलं. "वेल्डिंग चाललंय का कुठे?"

"शेजारी."

शेजारी शिंपी आहे.

मी पाच नव्या सुया पुढे सरकवल्या.

"पाच? लॉटरी लागली काय?"

"घे गुपचूप. आणि कुणाला देऊ नकोस, कुणाची घेऊ नकोस."

त्याने त्या खिशात टाकल्या. जाताना वळून म्हणाला, "आमचा थोरला सांगायचा तुझ्याबद्दल. खिडकीवरचा पोरगा लय मजेशीर आहे म्हणायचा."

मी हसायला गेलो. जमलं नाही.

तेव्हापासून मी जुनी मागत नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल.

पण दुपारी खिडकीवर एकटा असलो की विचार येतो... तो भावासाठी आला होता, की माझ्यासाठी?