पेडलवरचा पाय

यंत्र दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन उभं करायचं, एवढंच त्या सकाळी माझं काम होतं. दहा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, आणि मी घाबरणारा माणूस नाही.

त्या यंत्राला सी-आर्म म्हणतात. चाकांवरचा मोठा अर्धगोल लोखंडी हात. एका टोकातून किरण निघतात, दुसऱ्या टोकाला पकडले जातात. मध्ये रोग्याचा मोडलेला पाय घ्यायचा. जमिनीवरचं पेडल दाबलं की आतलं हाड शेजारच्या पडद्यावर दिसतं, जिवंत, हलताना. पेडलवरचा पाय उचलला की किरण बंद होतात आणि चित्र आहे तिथे थिजतं. डॉक्टर त्या चित्रावर बघून हाडात सळई घालतात, स्क्रू पिळतात. मी चौथी शिकलेला. पण हे यंत्र मी सव्वीस वर्षं चालवलं आणि त्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही.

त्याचं डावं चाक महिनाभर अडत होतं. तीन अर्ज दिले. माझ्या मुलीकडून लिहून घेतले, सही माझी. उत्तर आलं, बघू. त्या दिवशीही चाक उंबऱ्याशी अडलं. मी खांद्याने रेटत होतो आणि सर्जन हात धुऊन आत उभे. म्हणाले, "काका, तुम्ही यंत्राला आणताय की यंत्र तुम्हाला?" सिस्टर हसली. माझं डोकं तिथेच तापलं.

टेबलावर मास्तरांची मुलगी होती.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. एक्स-रेचं काम आम्हा सगळ्यांना त्यांनी शिकवलं, म्हणून मास्तर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. ही मुलगी लहानपणी त्यांचा डबा घेऊन यायची. आता पायी फिरून टपाल वाटायची. स्कूटरने उडवलं आणि नडगी दोन ठिकाणी मोडली. पाय वाकडा जुळला तर नोकरी गेली, हे ती मला आदल्या दिवशीच म्हणाली होती. दम्यामुळे तिला पूर्ण भूल देता येत नव्हती. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता. ती जागी होती. तिला पाय दिसू नये म्हणून मध्ये कापड ताणलेलं. औषधाचा अंमल उतरायच्या आत काम संपवायचं होतं.

सळई बसली. वरचे स्क्रू बसले. राहिले खालचे दोन. त्यांचंच काम अवघड. सळईतलं भोक पडद्यावर अगदी गोल दिसलं पाहिजे. जरा लांबट दिसलं तर यंत्र तिरपं आहे समजायचं, आणि स्क्रू बाजूला घसरतो. मी यंत्र बोटभर सरकवायला गेलो. चाक अडलं. पुन्हा रेटलं. शेवटी भोक गोल आलं.

डॉक्टरांनी वरचा मोठा दिवा बाजूला करायला लावला, म्हणजे पडदा नीट दिसतो. खोलीला खिडकी नाही. दिवा गेला की भिंती गेल्या. स्पिरिटचा आणि जळक्या मांसाचा वास तेवढा उरला.

"शॉट."

मी पेडल दाबलं. पडद्यावर हाड आलं, सळई आली, गोल भोक आलं. आणि भोकावर आडवी आली बोटांची हाडं.

डॉक्टर भडकले. कुणाचा हात मध्ये आहे, म्हणून विचारलं. सिस्टरने दोन्ही हात वर केले. मदतनीस डॉक्टरने केले. त्यांचे स्वतःचे हात छातीशी होते. पडद्यावरचा हात जागेवरच होता.

मग सगळं माझ्यावर आलं. जुनं चित्र पुसलं नसेल, म्हणाले. पुसलं होतं. यंत्र बंद करून चालू करा, म्हणाले. केलं. त्यात पाच मिनिटं गेली. तार काढून घातली. पुन्हा पेडल, पुन्हा हात. भूलतज्ज्ञांनी घड्याळ बघून सांगितलं, वीस मिनिटं फार तर. डॉक्टर म्हणाले, सव्वीस वर्षांत एवढंच शिकलात का? मला ते यंत्र लाथेने पाडावंसं वाटलं.

तेव्हा मी तो हात नीट पाहिला. डावा होता. मधलं बोट अर्धं. त्याच्या शेजारची अनामिका अर्धी. करंगळी पूर्ण.

हा हात मला माहीत होता.

मास्तर रोग्याचा पाय स्वतः धरायचे. शिशाच्या मोज्यात पकड बसत नाही म्हणून उघड्या हाताने, किरणांत. मला सांगायचे, टिचकी मार. म्हणजे पेडल क्षणभर दाबून सोडायचं. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत मला झापलं. पेडलवर पाय आहे की धोंडा, म्हणाले. ते मला झोंबलं. त्यानंतर मी मुद्दाम पेडल दाबून ठेवू लागलो. पाच मिनिटं किरण चालले की यंत्र शिटी देतं. मी अंगठ्याने शिटी बंद करायचो आणि पाय तसाच ठेवायचो. एका दिवसाने काही होत नाही. मी दोन वर्षं केलं. त्यांनी हात काढला नाही, कारण हाड सुटलं असतं. मी पाय उचलला नाही. पुढे त्या हाताची कातडी काळी पडली. बोटं कापली. मग ते हातापुरतं राहिलं नाही. त्यातच मास्तर गेले.

कापडापलीकडून ती हळूच म्हणाली, "काका... माझा पाय कुणी धरलाय?"

भूलतज्ज्ञ म्हणाले, तुला काही कळणार नाही, बधिर केलंय.

"बाकी काही कळत नाही," ती म्हणाली. "एवढा हात कळतोय... गार आहे."

तेवढ्यात शिटी वाजली. माझा अंगठा सवयीने बटणाकडे गेला. तेव्हा मला समजलं की एवढा वेळ माझा पाय पेडलवरच होता. यंत्र पुन्हा चालू करून दाबलं तेव्हापासून, बोलाचाली चालू असताना, आताही.

मी अंगठा मागे घेतला. पाय उचलला. तोंडातल्या तोंडात म्हणालो, "मास्तर, टिचकीच मारतो."

टिचकी मारली. भोक मोकळं होतं. हात तिथेच होता, पण बाजूला सरकून घोट्याच्या वर हाड आवळून बसला होता, नेहमी धरायचे तसा. डॉक्टरांनी ड्रिल लावलं. एक टिचकी, एक स्क्रू. दुसरी टिचकी, दुसरा. शिटी वाजत राहिली. ती कुणी बंद केली नाही.

कागदावर लिहिलं गेलं, यंत्रात बिघाड. त्या निमित्ताने चाक बदललं.

मास्तरांच्या मुलीचा पाय सरळ जुळला. घरी जाताना तिने विचारलं, काका, तुम्ही बाबांना काय म्हणालात? मी म्हणालो, काही नाही. तेव्हा तिला सांगायला हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही. अजून झालेलं नाही.

गेल्या महिन्यात मी न्हाणीत घसरलो. मनगट मोडलं. डॉक्टरांनी ते जागेवर ओढून बसवलं, आणि नीट बसलंय का ते बघायला मला यंत्राखाली ठेवून बाहेर फोन घ्यायला गेले. यंत्र नवीन होतं. ते चालवायला एक मुलगी होती, शिशाच्या पत्र्याच्या आडोशामागे. पडदा तिच्या बाजूला. मला दिसत नव्हता.

ती म्हणाली, "आजोबा, तुमचा हात ज्यांनी धरलाय त्यांना बाहेर जायला सांगा."

खोलीत मी एकटा होतो. तसं तिला सांगितलं. मग तिने अगदी हळू विचारलं, "यांची दोन बोटं..."

माझ्या मनगटाला गार लागत होतं. मी म्हणालो, "पोरी, आधी पेडलवरचा पाय उचल."

"केव्हाच उचललाय, आजोबा," ती म्हणाली. "ती बोटं हलतायत."