नटावरचा ओला रंग

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी आत्या खोटं बोलते असं माझ्यासमोर कुणी म्हणायचं नाही.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच सावध व्हा. रविवारची टळटळीत दुपार होती. पत्र्याचं गॅरेज, शटर अर्धं खाली ओढलेलं, आजूबाजूची सगळी दुकानं बंद.

आत आत्या एकटी.

आत्या मेकॅनिक आहे. माती खणणारी मोठी मशीन्स दुरुस्त करते. हे काम तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलं. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. माणूस हुशार, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बायकोला काम शिकवलं खरं, पण तिच्या कामावर विश्वास टाकणं काही त्यांना जमलं नाही.

चार वर्षांपूर्वी एका जुन्या बॅकहोचा, म्हणजे माती खणणाऱ्या मशीनचा, मागचा लोखंडी हात धाडकन खाली आला. मिस्त्री त्याच्याखाली उभे होते.

जागच्या जागी गेले.

तो हात तोलून धरणारा सिलिंडर आत्यानं जोडलेला होता. त्याचं तोंडच उडालं होतं. मग काय, अख्ख्या बाजारानं निकाल देऊन टाकला. बाईनं नट नीट आवळला नाही. सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या, "तुझ्या हातानं माझा मुलगा गेला."

आत्या एका शब्दानं उलट बोलली नाही. कारण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. खरंच आपला हात चुकला असेल तर? हा एकच प्रश्न तिला चार वर्षं आतून पोखरत होता.

फुटलेला सिलिंडर भंगारात गेला. पण त्याच मशीनचा दुसरा सिलिंडर तिनं त्याच आठवड्यात जोडला होता. तो मशीनवर तसाच, न उघडलेला होता. मशीन कोपऱ्यात, ताडपत्रीखाली.

त्या रविवारी तिनं ताडपत्री ओढली.

हाताच्या टोकाची खणायची बादली जमिनीला टेकलेलीच होती. तरी तिनं दांडे पुढेमागे करून आतला दाब काढला, पिना ठोकून बाहेर काढल्या आणि चेनला टांगून सिलिंडर टेबलावर आणला.

या सिलिंडरच्या तोंडावर एक मोठा गोल नट असतो. तो काम करता करता सैल होऊ नये म्हणून त्याच्या कडेला एक छोटा स्क्रू बसवतात. करंगळीच्या नखाएवढा. आत्या तो स्क्रू आवळला की त्याच्या कडेवर पंचनं दोन ठिपके ठोकायची. मग तो हलायची बिशाद नव्हती. त्यावर मिस्त्री पिवळा रंग फासायचे, म्हणजे काम संपलं.

आता तो रंग खरवडायचा आणि आपला स्क्रू आहे का ते बघायचं. एवढंच.

अर्धा नट खरवडून झाला. ती पिंपावर हात धुवायला गेली. परत आली...

नट पिवळा होता.

पूर्ण. चकचकीत. तिनं बोट लावलं...

रंग ओला होता.

गॅरेजमध्ये रंगाचा डबा नव्हता. मिस्त्री गेल्यावर तिनंच सगळे डबे फेकून दिले होते. कुणी आत आलं असतं तर शटर वाजलं असतं. पण काहीच वाजलं नव्हतं. पंख्याचासुद्धा आवाज येत नव्हता. पंखा तर फिरत होता...

आणि मग मशीनच्या मागून आवाज आला.

टक... टक.

नटावर पाना आपटल्याचा. मिस्त्रींची सवय होती ती. काम मनासारखं झालं की दोनदा पाना आपटायचे. म्हणजे, झालं, आता हात लावू नका.

आत्याला पळावंसं वाटलं, हे ती कबूल करते. पण मग तिला राग आला. चार वर्षांचा, साचलेला.

"अहो, झाकताय काय?" ती मोठ्यानं म्हणाली.



तिनं रॉकेलचं फडकं घेतलं आणि रंग पुसला. खाली ठेवलेला पाना उचलायला वाकली, वर पाहिलं...

पुन्हा पिवळा. या वेळी ब्रशचे फराटेही दिसत होते. घाईघाईनं मारल्यासारखे.

"मारा किती मारायचाय तो," आत्या म्हणाली. "मी पण इथंच आहे."

आता तिनं नजर हलवली नाही. डावा हात नटावर घट्ट धरला आणि उजव्या हातानं पुसत राहिली. बोटांवर काहीतरी गार फिरत होतं... ओल्या ब्रशसारखं. तिनं हात काढला नाही.

शेवटी लोखंड दिसलं.

स्क्रूचं भोक रिकामं होतं.

तिचे दोन ठिपके तिथं होते, पण छिन्नीनं उडवलेले. म्हणजे तिच्यानंतर कुणीतरी तो नट उघडला होता. तपासून परत आवळला होता. आणि स्क्रू बसवायचाच विसरला होता.

तिचं काम चोरून तपासणारा माणूस जगात एकच होता. फुटलेल्या सिलिंडरचंही असंच झालं असणार.

आत्या खाली बसली आणि पोटभर रडली. मग उठली, मागच्या घरात गेली आणि सासूबाईंना हाताला धरून घेऊन आली.

"बोट लावा इथं, आई."

सासूबाईंनी बोट लावलं. छिन्नीचे व्रण चाचपले. मिस्त्रींचीच आई ती, जन्म या गॅरेजमागे गेलेला. काही समजावून सांगावं लागलं नाही. सुनेच्या हातावरचा पिवळा रंग त्या बराच वेळ बघत राहिल्या.

तेवढ्यात मशीनच्या मागून...

टक... टक.

सासूबाई तिकडे वळल्या. 

"गप्प राहा रे," त्या म्हणाल्या. "चूक तुझी होती. तिची नव्हती."

पंख्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आत्यानं फुटलेल्याच्या जागी नवा सिलिंडर आणला आणि दोन्ही नव्यानं जोडले. नवी सीलं, नवे स्क्रू, दोन दोन ठिपके. रंग मात्र लावला नाही. तो बॅकहो आज कामावर आहे.

मागच्या महिन्यात मी गॅरेजवर गेलो, तेव्हा तो तपासणीला आला होता. त्याचा लोखंडी हात वर उचललेला होता आणि एका नटावर ओला पिवळा ठिपका होता. मी दहा पावलं मागे सरलो. सासूबाई स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"आत्या, हे अजून..."

"येतं अधूनमधून," ती म्हणाली. "त्यांना अजून पटत नसेल."

आणि फडकं घेऊन ती त्या हाताच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.