हाकेचा माळ

आमच्या गाडीचं काम तसं साधं होतं. प्रचाराची निळी गाडी, आत प्रोजेक्टर, टपावर दोन कर्णे. कर्जत-खालापूरच्या गावांतून फिरायचं, दोन वासे रोवून पांढरा पडदा ताणायचा आणि अंधार पडला की रीळ लावायचं. गाडी आणि मशीन बुधाजीकडे, बोलणं माझ्याकडे. रीळं बहुतेक इंग्रजी असायची. त्यांचा आवाज बारीक करून मी माईकवर मराठीत सांगायचो. मलेरिया, जपानी पद्धतीची भातशेती, पाणी उकळून प्या, काय वाटेल ते. लोक म्हणायचे, कमळाकर बोलायला लागला की चित्रातला गोरा साहेबसुद्धा खोपोलीचा वाटतो.

चौसष्ट सालच्या फाल्गुनात मोहोपाड्याजवळच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. कंपनीचं नाव घेत नाही, तोंड विटाळेल. विटाळ हा शब्द आमच्या माणसांनी जन्मभर ऐकला, एकदा मीही वापरून घेतो. कारखाना वाढवायचा होता आणि डोंगराच्या पायथ्याची एक आदिवासी वाडी आडवी येत होती. वाडीला वर खडकावर जागा दाखवली होती. माणसं हलत नव्हती. कंपनीत जमिनीचं बघणारा एक साहेब होता, गोरापान, बुटांना कायम पॉलिश. त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली.

"ते अमेरिकेचं रीळ आहे ना तुमच्याकडे? ते दाखवा यांना," तो म्हणाला. "माणसं घरदार सोडून नव्या मुलखात कशी गेली, ओसाड जमिनीचं सोनं कसं केलं. बघू दे जरा."

ते रीळ मला तोंडपाठ होतं. बैलगाड्यांच्या रांगा पश्चिमेला निघतात, वर ताडपत्रीचे टप, आत बायका-पोरं. मग एक भलंमोठं मैदान येतं. हद्दीवर हजारो माणसं घोड्यांवर तयार. बंदुकीचा बार होतो आणि सगळे सुटतात. जो आधी पोहोचेल आणि खुंटी ठोकेल, त्याची जमीन. इंग्रजीत तो निवेदक खणखणीत आवाजात सांगतो, जमीन रिकामी होती. खोटारडा! पनवेलच्या वाचनालयात मी त्याबद्दल वाचलं होतं. त्या मैदानात माणसं होती. त्यांना त्यांच्या मूळ मुलखातून हाकलून तिथे आणून बसवलं होतं, ही जमीन आता कायमची तुमची, असं वचन देऊन. मग तीही काढून घेतली.

मी साहेबाला म्हटलं, "त्या चित्रातल्या गाड्यांमध्ये हे वाडीवाले नाहीत, साहेब. ज्यांच्या अंगावरून गाड्या गेल्या, ते हे आहेत."

"तुमचं काम बोलायचं," साहेब हसून म्हणाला. "विचार आम्ही करतो."

बुधाजीने माझं कोपर दाबलं नसतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती.

पडदा लावायला साहेबाने वाडीजवळचा माळ दाखवला. माळ म्हणजे गवत, निवडुंग आणि इथे-तिथे मांडलेले दगड. आम्ही वासा रोवायला पहार मारली, तशी वाडीतली एक बाई धावत आली. जना तिचं नाव. तिशीची असेल, पण डोळे म्हातारीचे. तिच्यामागून काठी टेकत गोमा आला, वाडीतला सगळ्यात जुना माणूस.

"इथं नको, दादा," जना हळूच म्हणाली. माळावर पाऊल टाकल्यापासून ती कुजबुजतच होती. "इथं आमची मानसं निजलीत. माजी कोंडी बी हितंच हाय. गेल्या पावसात ठेवली तिला."

एका दगडाजवळ हिरव्या बांगडीचे तुकडे होते. दगड हातभरही नव्हता.

"इथं मोठ्यानं बोलत नाय कुनी," गोमा म्हणाला. "हाक मारली का उठत्यात. आनि उठली का परत निजत नाय. मग त्यांना नावानं बोलवून संगं न्यावं लागतं. कुटं न्यायची आमी? वर खडक हाय निसता."

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव नदीत गेले, त्यांच्याबरोबर भुतंही गेली. मी असलं काही मानत नव्हतो. पण आईच्या तोंडावर, तुझी मुलगी निजलेली नाही, मेली आहे, असं मी सांगणार नव्हतो. मी साहेबाकडे गेलो. पडदा शेजारच्या खाचरात लावू म्हटलं. साहेबाने माळावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "कुठे आहे काय? रिकामी जागा आहे. लावा इथेच." त्याने एका दगडावर बूट टेकवून नाडी बांधली. ती नाडी मला अजून दिसते आणि अजून डोकं तापतं.

दिवस मावळला. पडद्यासमोर कंपनीच्या कॉलनीतल्या इंजिनियर मंडळींसाठी लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मधली साहेबाची. त्यांच्या मागे कामगार सतरंज्यांवर. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, ती वाडीची माणसं पडद्याच्या मागे. पडद्यामागून चित्र दिसतं, पण उलटं दिसतं. मला ठाऊक आहे, मी लहानपणी गावचा सिनेमा तिथूनच बघितलाय. पडद्यापुढे आम्हाला जागा नव्हती.

रीळ सुरू झालं. गाड्या डावीकडे, पश्चिमेला निघाल्या. मी शक्य तेवढा हळू बोलत होतो. साहेबाने मागे वळून, आवाज वाढवा, अशी खूण केली. बुधाजीने नाइलाजाने बटण पिळलं. माझा आवाज डोंगरावर आपटून परत येऊ लागला.

पडद्यामागून जनाचा आवाज आला. "गाड्या परत निगाल्या... बग रं बाबा, परत निगाल्या."

मागून त्या उजवीकडेच जाताना दिसणार. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

मग ते मैदान आलं. घोडे हद्दीवर उभे राहिले. आता पुढचं बोलणं मला भाग होतं. आतून मी इतका पेटलो होतो की ती वाक्यं तोंडातून आगीसारखी बाहेर पडली. बार झाला आणि मी ओरडलो, "या! धावत या! जमीन रिकामी आहे! जो येईल त्याची जागा! या, आपापली जागा धरा!"

कर्ण्यांतून ती हाक माळभर गेली.

पडद्यावर घोडे सुटलेच नाहीत. मैदान नुसतंच होतं, वाऱ्याने हलणारं गवत आणि वर आभाळ. रीळ फिरत होतं, मशीनची टरटर चालू होती, पण चित्रात एकही माणूस नव्हता. धावण्याचा आवाज मात्र येत होता. टापांचा नव्हे. अनवाणी पायांचा. तो कर्ण्यांतून येत नव्हता, पडद्याच्या मागून येत होता. वारा नसताना पडदा आमच्या बाजूला फुगला आणि त्याच्या खालून ओल्या मातीचा वास आला. भर फाल्गुनात ओली माती... आणि जुन्या गोधडीचा वास.

"बंद कर," मी बुधाजीला म्हटलं.

"केलंय रं," बुधाजी म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. "कवाच केलंय."

पुढच्या रांगेतली एक खुर्ची कुरकुरली. मग दुसरी. एका इंजिनियरची बायको किंचाळून उठली. "माझ्या मांडीवर... कोणीतरी बसलं... लहान आहे..." तिच्यामागून सगळेच उठले. खुर्च्या मोकळ्या झाल्या, आणि मोकळ्या होताच एकेक करून कुरकुरत जमिनीत थोड्या थोड्या रुतल्या, कोणी टेकल्यावर रुततात तशा.

जना पडद्याला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. कुजबूज संपली होती तिची. "उठवलीत ना माज्या कोंडीला? आता कशी निजवू मी तिला? सांगा, कशी निजवू?"

मी माईक खाली ठेवला. तो साहेबाने उचलला. भीती त्याला शिवली नव्हती, अपमान मात्र झोंबला होता. "वाडीवाल्यांची नाटकं आहेत ही," तो कर्ण्यांवर गरजला. "कोण बसलंय तिथे? उठा! जागा खाली करा!"

कोणी उठलं नाही. साहेब तरातरा पुढे गेला. "ही माझी खुर्ची आहे," म्हणाला आणि मधल्या खुर्चीवर बसला. प्रोजेक्टरच्या उजेडात मी त्याला बसताना पाहिलं. पायावर पाय टाकताना पाहिलं. पॉलिश केलेला बूट चमकला. आणि मग खुर्ची रिकामी होती.

"बघा, बसलो," खुर्चीतून त्याचा आवाज आला. "काय झालं? असे काय बघताय?"

एका इंजिनियरने पुढे होऊन खुर्चीवरून हात फिरवला. हात आरपार गेला.

"अहो, मी इथे आहे... इथेच आहे मी. दिसत नाही का तुम्हाला?" आवाज बारीक होत गेला. "कोणीतरी बघा ना इकडे..."

माळ क्षणात मोकळा झाला. मोकळा म्हणजे आपल्याला दिसतो तसा.

पोलीस आले, गेले. साहेब मुंबईला निघून गेला असावा, असं ठरलं. पुढचा पंधरवडा मला झोप नव्हती. वाटायचं, निदान जनाचा माळ तरी वाचला. तुम्हालाही तसंच वाटलं ना? अहो, साहेबांना कुठे तोटा आहे! एक गेला की दुसरा तयार. नवा साहेब आला, बुलडोझर आला. कळलं तसा मी रजा टाकून चौक गावाहून सायकलने निघालो आणि सकाळी माळावर पोहोचलो. नव्या साहेबाला म्हटलं, इथे माणसं पुरली आहेत. त्याने माळाकडे पाहिलं. "मला तर दगड दिसतात," तो म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. दोन शिपायांनी मला ओढून बाजूला बसवलं.

वाडी निघाली होती. डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या. माळाच्या कडेला एकेक माणूस थांबायचा आणि हाक मारायचा. गोमाने बायकोला आणि लेकीला बोलावलं. "येसू, चल. ठमी, तू बी चल गं." सगळ्यात शेवटी जना पुढे झाली.

"कोंडी, चल गं बाय," ती म्हणाली. थोडा वेळ थांबली. मग तिने उजवा हात कमरेखाली नेला आणि मूठ हळूच मिटली. लहान मुलाचं बोट धरावं तशी. तिच्या तोंडावर काय होतं ते सांगता येत नाही मला. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे तिच्या वयाचे दिसले.

तेवढ्यात माळावरून आवाज आला. "थांबा... मलाही न्या... इथे माणूस आहे हो..."

जना थबकली. "याचं नाव काय रं, बाबा?"

"सायेब," गोमा म्हणाला.

"ते नव्हं. नाव."

वाडीत कोणाला माहीत असणार? मला माहीत होतं का? नव्हतं. नव्या साहेबाला विचारता आलं असतं, पण मी विचारलं नाही आणि त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. तरी जनाने हाक मारलीच. त्या माणसाला तिने हाक मारली! "सायेब, चला." ती थांबली. मग मान हलवली. "नावाबिगर येत नाय." आणि ती वाट चढायला लागली.

बुलडोझर सुरू झाला. पहिला दगड उलटला तसा ड्रायव्हरने तो थांबवला. परमुलखातला माणूस होता. खाली वाकून त्याने विचारलं, "कौन चिल्लाता है, साब?"

"कोई नहीं," नवा साहेब म्हणाला. "चलाओ."

मशीन पुन्हा गरजलं. माळावरचं ओरडणं थांबलं. मला वाटलं, संपलं. धूळ उठली, माणसांची रांग डोंगराच्या वाटेवर अर्धी चढून गेली. आणि त्या धुळीतून तोच आवाज पुन्हा आला. पण आता शांत होता, गोड होता. जिवंतपणी वाडीतल्या एकाही माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. आज सकाळी त्याने सगळी ऐकली होती.

"येसू..." तो म्हणाला. "ठमी... या. परत या, इथे जागा आहे." आणि मग, एखाद्या लाडक्या पोरीला बोलवावं तसं, "कोंडी... ये गं बाय, इकडे ये."

वर वाटेवर जना चढाकडे पळायला लागली. मी ओरडत होतो, तिचं नाव घेऊन, कोंडीचं नाव घेऊन, त्या आवाजावर माझा आवाज चढवत होतो. माझ्याजवळ माईक नव्हता. जना वळणावर एकदा थांबली आणि तिने खाली, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटलेली होती की उघडी, ते त्या धुळीत मला दिसलं नाही.