आधी इंजिन बंद

"खांब आडवा आला हो!" तिनं ठणकावून सांगितलं. गॅरेजवाल्यानं तिच्या फुलांच्या व्हॅनचा चेपलेला दरवाजा पाहिला, मग तिच्या हातातला फोन पाहिला.

"चालत आला का खांब?"

"आता... ऑर्डरचा मेसेज होता. क्षणभर खाली पाहिलं, एवढंच!"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनाशी म्हणत ती स्वतःच हसली. तो मात्र हसला नाही.

दरवाजा सरळ झाला, तरी तिच्या चकरा थांबेनात. कधी आरसा हलायचा, कधी वायपर कुरकुरायचा.

"एवढीशी गाडी, आणि किती ही दुखणी!"

"डॉक्टर चांगला भेटला की दुखणी वाढतात," ती म्हणाली. मान खाली घालून तो हात पुसत राहिला, पण कानापर्यंत लाल झाला होता. जाताना ती उरलेली फुलं त्याच्या पान्यांच्या डब्यात खोचून जायची.

फोनवर मात्र तो कुणी वेगळाच असायचा. ती व्हॅनमधून फोन लावायची, आणि मागे हॉर्न ऐकू आला की तो चक्क कट करायचा. दरवेळी! तिला ते फार लागायचं. एका भुरभुरत्या पावसाच्या, उदास दुपारी ती तरातरा गॅरेजात शिरली.

"माझा कंटाळा येतो, तर तोंडावर सांगा ना."

तो गाडीखालून बाहेर आला. हातातला पाना त्यानं डब्यात ठेवला.

"धाकटी बहीण स्कूटर चालवता चालवता माझ्याशी बोलत होती. मी तिला चिडवत होतो, ती खळखळून हसत होती... मग नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. 'ठेव फोन' म्हणायला हवं होतं मी. नाही म्हटलं."

ती तशीच व्हॅनमध्ये जाऊन बसली आणि पोटभर रडली. मग तिथूनच त्याला फोन लावला.

समोर, गॅरेजच्या दारात, त्यानं तो कानाला लावला. नेहमीसारखा आधी कानोसा घेतला. तिनं काचेतून किल्ली उंच धरून दाखवली.

"इंजिन बंद आहे. आता तरी बोला..."

"मला... तू आवडतेस," तो म्हणाला. "म्हणून तर तू निघालीस की घास उतरत नाही घशाखाली."

"पोचले की मीच फोन करीन. तोवर वाट बघशील?"

"बघेन. उशीर झाला तरी चालेल."

तिनं फोन बंद करून मागे फुलांच्या टोपलीत ठेवला आणि व्हॅन सुरू केली. वळणापर्यंत आरशात तो दिसत होता... फोन छातीशी धरून, रस्त्यावर येऊन पावसात भिजत उभा.