सातवा दिवा

करंट गेला की गल्लीतली पोरं नागोजीअण्णांच्या पायरीवर जमतात. परवा अण्णांनी सांगितली ती त्यांच्या भाचीची, चंदनाची गोष्ट. खोटं असेल तर जीभ झडो, म्हणाले.

साल चौऱ्याण्णव, डिसेंबरची तीन तारीख, शनिवार. संध्याकाळी सहाला चंदना चार महिन्यांच्या लेकीला खांद्यावर टाकून वाण्याकडे गेली. भीमसेन मास्तरांनी रात्रीच्या नाटकातल्या दिव्यांसाठी तेल आणायला सांगितलं होतं. तेल घेऊन ती तशीच चालत हॉलवर पोचली.

मास्तरांची नाटक मंडळी लहानशी. जुन्या कथा-कादंबऱ्यांची नाटकं करायची, तीही राजाच्या काळात बांधलेल्या त्या दगडी हॉलमध्येच. शेवटच्या प्रवेशात सात जणांनी सात दिवे घेऊन उभं राहायचं, ही पहिल्यापासूनची रीत. दिवा कमी पडला तर मंडळीचं वाईट होतं, असं सगळे मानायचे.

चंदनाचा नवरा यशवंतपूरला रात्रपाळीवर, सासू अंथरुणाला खिळलेली. लेकीला ठेवणार कुठे? तिने मागच्या खोलीत झोळी बांधली. ते बघून मास्तरांचा चेहरा उतरला. वीस वर्षांपूर्वी त्यांची बायको सकवारबाई अशीच पोराला त्या खोलीत निजवून शेवटच्या प्रवेशाला गेली होती. जो तो समजला, मागे कोणीतरी आहे. पोराला दूध उलटलं, घशात अडकलं. सगळे परत आले तेव्हा... संपलं होतं. सकवारबाई पुढे वर्षभरही जगली नाही.

म्हणून मास्तरांनी पडदा ओढणाऱ्या नागोजीअण्णांना बजावलं, "झोळीपासून हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी."

"सरी, मास्तर, नाही हलत," अण्णा म्हणाले.

रात्री साडेनऊला दिवा धरणाऱ्या सातांतल्या उमाजीच्या पोटात कळ उठली. त्याला रिक्षात घालून घरी पाठवलं. म्हणजे एक दिवा कमी. कोणीतरी उमाजीची शाल अण्णांच्या अंगावर टाकली आणि त्याचा दिवा हातात दिला. पोर गाढ झोपलेलं. दहा मिनिटांचा तर प्रवेश.



चंदना सगळ्यांच्या पुढे उभी होती. बोलता बोलता तिने मागे नजर टाकली. आपला धरून पाच दिवे... सहा... सातव्यामागे मामा.

तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला. कुर्र... कुर्र... झोळीच्या आकड्याचा.

कोणीतरी झोका देत होतं.

सगळे तर इथे होते.

समोर लोक वाट बघत होते. मास्तर डोळ्यांनी खुणावत होते, बोल...

झोका थांबला.

पोर खोकलं. एकदा.

मग काहीच नाही...

चंदनाने दिवा खाली ठेवला आणि धावली.

खोलीचं दार उघडं होतं. झोळी रिकामी. लेक खाली सतरंजीवर पालथी निजलेली, मान एका अंगाला वळवलेली. तोंडाशी दुधाच्या गुठळ्या. चंदनाने गुडघे टेकले, पोरीच्या नाकाशी बोट धरलं.

श्वास चालू होता.

तिने पोरीला उचलून छातीशी धरलं आणि मग ती रडायला लागली. मंडळी पडदा न पाडताच मागे आली. अण्णा उंबऱ्यावरच बसले. भाचीकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. मास्तर आत येऊन झोळीपाशी उभे राहिले. ती अजून हलत होती. त्यांनी ती हाताने थांबवली नाही.

"सकू," ते हळूच म्हणाले, "ह्या खेपेला पोचलीस, बाई."

पोरीच्या झबल्यावर, पाठीवर, पांढरा ठसा उमटला होता. बाईच्या हाताचा, थोपटल्यासारखा. बोटांना सफेदा लागलेला, पूर्वी नाटकात तोंडाला फासायचे तो. मंडळीत तो कधीच बंद झाला होता.

चंदनाने झबलं किती वेळा तरी धुतलं. दुधाचे डाग गेले.

बोटं तशीच आहेत.