बावन्न फुटांची पेढी

अंधेरीच्या बाजारपेठेतली ती जुनी दुमजली पेढी सोमवारी पाडायची होती. साल एकोणीसशे चोपन्न. रस्ता रुंद व्हायचा होता. आर्किटेक्चर शिकणाऱ्या मृणालिनीला मात्र ती वाचवायची होती. सागवानी खांब, ओतीव लोखंडाचा सज्जा, दारावर रंगीत काचांची कमान! नीट नकाशे दिले तर नगरपालिकेची कमिटी फेरविचार करणार होती.

शनिवारी भर दुपारी ती काशीराम गवंड्याला घेऊन आली. बाहेरून पेढीची लांबी भरली बरोबर बावन्न फूट. मग आतली. गाळे रिकामे झालेले. मधल्या बोळात हळदीचा आणि गोणपाटाचा वास अजून दरवळत होता. टेपचं टोक धरून काशीराम अंधारात शिरला. टेपची डबी घेऊन ती उंबऱ्यात थांबली.

चाळीस. पन्नास. साठ.

साठ? तिने आकडा पुन्हा वाचला. टेप सरसर सुटतच होती.

"काका, पुढे अजून जागा आहे?"

"आहे ना, बाई."

तिला आनंदाची उकळी फुटली. चोरखोली! कुठल्याच नकाशात नसलेली! आता सोमवारी कोण हात लावतो तेच बघते!

ऐंशी. नव्वद. शंभरावर टेप संपली आणि ताठ झाली.

डबी खांबाला बांधून ती बाजूच्या गल्लीतून धावत मागे गेली. पेढीची मागची भिंत होती तिथेच होती. पायरीवर बसून काशीराम विडी शिलगावत होता.

"तुम्ही इथे कसे?"

"मागल्या दारान भायर इलंय. टोक भिंतीच्या खिळ्याक अडकवलंय. हाक मारलंय, आयकलास नाय?"

"भिंतीच्या पुढे नाही गेलात?"

"भिंतीफुडे खय जातलंय मी, बाये?"

बाये. आल्यापासून तो तिला बायेच म्हणत होता. मग आतून 'बाई' म्हणालं कोण?

दोघं धावत पुढच्या दारी आली. टेप अजून ताठच होती, किंचित थरथरत होती. काशीरामने तिचा हात धरला. "चल, बाये. हयसून चल."

"शंभर फूट, काका!" तिचा पाय निघेना. "शंभर!"

तिने डबी सोडवली. हळूच ओढली.

टेप आली नाही.

पुन्हा ओढली.

बोळाच्या अंधारातून कुणीतरी अगदी अदबीने विचारलं,

"सोडू का?"