सीपीयूचं झबलं

"कोण्या देवाची मूर्ती हाय जी?"

रेणूनं मान वळवली. मोहाडीहून तुमसरला निघालेल्या एसटीत शेजारी बसलेला तरुण तिच्या मांडीकडे बघत होता. म्हणजे मांडीवरच्या वस्तूकडे. हा खुलासा आधीच केलेला बरा. वस्तू चौकोनी होती, जड होती आणि तिनं अंगभर कोशाचं रेशमी कापड ल्यालं होतं. कापडाला वर-खाली करवतकाठ, समोर छोटीशी खिडकी, मागं चीर. अशा थाटात मोहाडी तालुक्यात एकतर देव प्रवास करतो, नाहीतर नवरी.

"मूर्ती नाही. सीपीयू हाय."

तरुणाचे हात जोडायला निघाले होते, ते अर्ध्यातच थांबले.

"लुगडं नेसलेला पयल्यांदाच पाह्यला…"

"लुगडं नाही ते. झबलं हाय. माह्या बाबानं विणलं."

"मंग लाडाचा दिसते. तब्येत बरी नाही काय?"

"भल्ला तापते," रेणू म्हणाली. "जरासं काम केलं का अंग पोळते अन् पटकन बंद पडते. तुमसरले बाजारात कुंदन म्हणून एक हायत, त्याईले दाखवाचं हाय. चांगला मानूस हाय म्हणते."

"कोन म्हणते?"

"सारेच."

तरुणानं खिडकीबाहेर बघितलं. मे महिन्यातलं धानाचं रिकामं शेत बघण्यासारखं अजिबात नसतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मीच तो… कुंदन."

रेणूनं सीपीयू स्वतःकडे ओढून घेतला. पोरीशी ओळख काढण्यासाठी माणसं काय काय होतात, हे तिनं ऐकलं होतं. पण कॉम्प्युटर मेकॅनिक झालेला तिनं पहिलाच पाहिला.

"असं काय? मंग मी कलेक्टर."

"नमस्कार, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला.

तुमसरला उतरल्यावर त्यानं न विचारता सीपीयू खांद्यावर घेतला, बाजारात एका बंद दुकानासमोर थांबला, खिशातून किल्ली काढली. शटर वर गेलं. रेणूची मान खाली.

"या, कलेक्टर मॅडम," कुंदन म्हणाला. "पंखा लावू काय? तुमचाही चेहरा तापून राहिला."

त्यानं झबलं जपून काढलं, घडी घालून कोऱ्या कागदावर ठेवलं. डबा उघडला. आतला छोटा पंखा उचलला तर खालच्या पत्र्यांच्या फटी कोशाच्या तंतूंनी अशा भरलेल्या, की उशी करावी. मागाच्या घरातला कॉम्प्युटर दुसरं काय खाणार? कुंदननं रंगाच्या ब्रशनं सगळं झाडून काढलं, प्रोसेसरवरचा वाळून खडखडीत झालेला जुना लेप स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला आणि नव्या लेपाची नळी हातात घेतली.

"हा लेप उष्णता वर नेते, पंखा तिले बाहेर फेकते. पण जास्त लावला का उलटंच होते. एका तांदळाच्या दाण्याएवढा बस्स."

"कोणता तांदूळ? चिन्नोर का एचएमटी?"

कुंदनचा हात थांबला. भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न रास्त होता. पण आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

"चिन्नोर," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."

त्या दिवशी सीपीयू दुकानात संध्याकाळपर्यंत चालला. एकदाही तापला नाही. दुकानातल्या दोघांबद्दल तसं सांगता येणार नाही.

*

घरी आणला, टेबलावर ठेवला, गोपाळरावांनी स्वतःच्या हातानं त्याला झबलं घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सीपीयू पुन्हा बंद पडला.

रेणू याच कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठाचे नमुने काढायची. एक चौकट म्हणजे एक धागा, अशा हजारो चौकटी रंगवायच्या, तेव्हा काठावर एक मोर उभा राहतो. मोर निम्मा झाला की सीपीयू डोळे मिटायचा. शेवटी तिनं फोन केला आणि कुंदन मोटारसायकलवर मोहाडीला आला.

घर कोष्ट्यांच्या आळीतलं. पुढच्या खोलीत टेबल, मागच्या खोलीत माग, मध्ये नुसता पडदा. रेणूचे वडील गोपाळराव मागावर असायचे. माग खट-खट चालू असला की समजावं, त्यांचं लक्ष कामात आहे. माग थांबला की समजावं, त्यांचं लक्ष बोलण्यात आहे. पडद्याला कान असतात हे त्या घरात लहान मुलालाही माहीत होतं. फक्त घरात लहान मूल नव्हतं.

रेणू चहाला आत गेली तशी गोपाळराव बाहेर आले. ती परत आली तेव्हा कुंदन झबल्याकडे बघत बसला होता, आणि गोपाळराव त्याला लेकराचं कौतुक सांगावं तसं सांगत होते, "…म्हणून मागं चीर ठेवली, वायरीसाठी. घट्ट विणलं हाय, बापू. चिमूटभर धूळ जाईन तं नाव सांगणार नाही."

"दिसते ना, काकाजी," कुंदन म्हणाला.

मागाजवळ एक पुरी झालेली साडी टांगली होती. तिच्या काठावर एका जागी लाल धाग्याची बारीकशी गाठ. कुंदननं विचारलं, "हे काय?"

"तिथं चूक हाय," रेणू म्हणाली. "आमच्या आळीत मागावरच्या माणसाले चूक तोंडानं सांगत नाही. दिसली का तिथं लाल धागा बांधाचा अन् चालतं व्हाचं. तो पाह्यते, समजते, सुधारते. मंग बांधणारा येऊन गाठ सोडते."

"अन् कोनं बांधला?"

"ते विचारत नाही. पण बाहेरच्याच्या कामाले कोनी बांधत नाही हं. आपल्याच माणसाच्या."

"असं काय…" कुंदन म्हणाला, आणि पुन्हा झबल्याकडे बघत राहिला.

*

त्यानंतर कुंदन येतच राहिला. कधी त्यानं मोठा पंखा बसवला. कधी टेबल खिडकीशी सरकवलं. कधी पुन्हा झाडलं, पुसलं, चिन्नोरच्या दाण्याएवढा लेप लावला. दोन-चार दिवस बरे जायचे, की पुन्हा अंगार.

आळीनंही उपचारात कसर ठेवली नाही. पानठेल्यावर 'व्हायरस हाय, पोटात गेला असन' असा निकाल लागला. शेजारच्या कुंताबाई ओल्या फडक्याची पट्टी घेऊन आल्या आणि सीपीयूचं कपाळ कोणतं, असं विचारू लागल्या. त्यांना आवरताना कुंदन आणि रेणूचे हात एकाच फडक्यावर पडले. फडकं गार होतं. तरी दोघांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले…

कुंताबाईंनी मात्र ते पाहिलं. पट्टी पिळत त्या म्हणाल्या, "पोरी, मले एक सांग. हा मेकॅनिक दुरुस्त कराले येते, का बिघडवाले?"

एवढं बोलून त्या गेल्या. शंका मात्र टेबलावर ठेवून गेल्या.

रेणूला रात्रीतून सगळं नीट जुळलं. दुकानात चालतो, घरी चालत नाही. मजुरी घेत नाही. चहा मात्र दोनदा घेतो. म्हणजे हा माणूस मुद्दाम… आणि तिचा मोर निम्माच. राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की शंका खरी निघाली तर तिला थोडा आनंदही होणार होता.

पुढच्या खेपेला तिनं थेट विचारलं, "तुमी मुद्दाम अर्धवट करून ठेवता ना? पुन्हा येता यावं म्हणून?"

पडद्यामागं माग थांबला.

कुंदननं एकदा पडद्याकडे बघितलं. बॅगेची चेन लावत तो म्हणाला, "तसंच समजा."

"म्हणजे खरं हाय?"

"आता येत नाही मी," तो म्हणाला. "दुसरा मेकॅनिक पाहा. माह्यानं… जमत नाही हे."

मोटारसायकलचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू आला. माग लगेच सुरू झाला नाही.

*

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. झाडावर पाखरू दिसेना. गोपाळराव लग्नासाठी आंधळगावला गेले होते. कुंताबाई आंब्याचं पन्हं घेऊन आल्या, 'आजारी' कसा आहे बघायला वाकल्या आणि अर्धा पेला झबल्यावर.

"अगं बाई! पाजलं मी त्याले!"

रेणूनं झबलं काढलं, धुतलं, सावलीत वाळत घातलं. सीपीयू उघडाच राहिला. चालेल तितका चालेल म्हणून ती मोर घेऊन बसली. पिसारा झाला. चोच झाली. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून कूलर घुरघुरत होता, बाहेर ऊन पांढरं झालं होतं, आणि सीपीयू? मजेत. रेणूनं त्याच्या पाठीला हात लावला. गार नव्हता, पण झोपलेल्या लेकराच्या अंगाइतपतच ऊन. मागच्या जाळीतून गरम वारा मोकळा बाहेर येत होता.

रेणूनं दोरीवरच्या झबल्याकडे बघितलं. मग सीपीयूच्या जाळीकडे. मग पुन्हा झबल्याकडे.

इतके दिवस शाल गुंडाळून धाप लागलेल्या माणसाला सगळ्यांनी औषधं दिली होती, शाल मात्र कुणी काढली नव्हती. आणि एका माणसाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्यांच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, जेवायला बोलावत. रेणूनं फोन लावला, "आमरस केला हाय. या."

पलीकडून प्रश्न आला, "सीपीयू बंद पडला काय?"

"नाही. चालून राहिला. म्हणूनच या."

कुंदन आला. दारातच त्याला उघडा सीपीयू दिसला आणि त्याचे खांदे सैल झाले.

"काहून सांगतलं नाही?" रेणूनं त्याला दारातच अडवलं. "मी काय-काय बोलली तुमाले… तरी तोंड उघडलं नाही."

"काकाजीले सांगाले गेलो होतो, पयल्याच दिवशी," कुंदन म्हणाला. "तू चहा करत होती. म्हणलं, काकाजी, चालू असताना हे काढून ठेवलं तं… त्याईनं मधातच सांगतलं. तुही माय गेली तवापासून माग बंद होता म्हणून. हात चालत नव्हता. मंग तू हे यंत्र आणलं, अन् याच्यासाठी म्हणून ते पुन्हा मागावर बसले. पयलं कापड हेच." तो थांबला. "आता मी कोन्या तोंडानं सांगू, का काकाजी, तुमचं हेच कापड याचा जीव घेऊन राहिलं? माग पुन्हा बंद पडला असता तं? प्रोसेसर गेला तं दुसरा भेटते."

"मले तरी सांगाचं."

"मंग तुले सांगा लागलं असतं त्याईले. ते बरं होतं काय?"

रेणूनं त्याला पानावर बसवलं आणि वाटीत रस वाढला. मग आणखी. वाटी भरून वाहू लागली तेव्हा कुंदन हळूच म्हणाला, "बस्स… चिन्नोरच्या दाण्याएवढा."

ती हसली, आणि डोळे पुसले. दोन्ही एकाच पदरानं.

"लाल धागा तरी बांधाचा," ती म्हणाली.

"मी बाहेरचा ना, जी."

*

धागा रेणूनं बांधला. झबल्याच्या पाठीवर, बरोबर जाळी येते तिथं. झबलं मागाजवळ ठेवलं आणि रात्रभर कूस बदलत राहिली. आंधळगावहून आलेल्या बाबांनी ते पाहिलं तर काय होईल? उद्या माग वाजला नाही तर?

सकाळी आळीतले बाकी माग सुरू झाले. घरातला नाही. रेणूनं चहा ठेवला. चहा उकळला, निवला. पडदा बाजूला करायचं धाडस होईना.

आणि मग… खट. थोडं थांबून, खट-खट. मग नेहमीसारखा, एकसारखा. रेणूनं गारढोण चहा एका घोटात पिऊन टाकला. जगातला सगळ्यात चांगला चहा.

गोपाळरावांनी नवं झबलं विणायला घेतलं होतं. नवं झबलं झालं तेव्हा त्याला करवतकाठ तोच होता. पाठीला मात्र विरळ जाळी विणली होती, मच्छरदाणीसारखी, वारा आरपार जाईल अशी. जुन्यावरची गाठ रेणूनं सोडली. कुंदनला बोलावणं गोपाळरावांनीच पाठवलं.

झबलं घालून सीपीयू दिवसभर चालला. मोर काठासकट पुरा झाला. कुंदन सारखा हात लावून बघत होता, आणि दर वेळी त्याचा चेहरा थोडा पडत होता.

"आता याले काही होत नाही," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे… चांगलंच झालं. माह्या येण्याचं आता काही कारण…"

त्यानं बॅग उचलली आणि थबकला. बॅगेच्या पट्ट्याला लाल धाग्याची गाठ.

"हे तू बांधलं?"

"नाही ना," रेणू म्हणाली. खरंच तिनं बांधला नव्हता. ती वाकली. गाठ बारीक, चपटी, कुणाच्या नजरेत न येणारी. अशी गाठ आळीत एकाच माणसाच्या हातची. "कोनं बांधला ते… विचारत नाही."

"माह्या कामात चूक?"

"असन."

"पण बाहेरच्याच्या कामाले तं बांधत नाही ना?"

"नाही…"

कुंदननं धाग्याकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग रेणूकडे. कानापर्यंत लाल झाला.

"एक गोष्ट राहूनच गेली कराची. एसटीतच विचारणार होतो, पण कलेक्टरले कसं विचारावं…"

पडद्यामागं माग थांबला.

"लवकर विचार," रेणू पुटपुटली. तुमीचा तू कधी झाला ते तिलाही कळलं नाही. "बाबाचं काम खोळंबलं हाय."

"रेणू… काही बिघडलं नाही तरी येऊ? म्हणजे, माय-बाबाले घेऊन?"

रेणू पुढे झाली, त्याच्या हातातली बॅग धरली आणि बाबांच्या वतीनं नखानं ती चपटी गाठ सोडवू लागली. गाठ सुटायला वेळ लागला. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.

धागा सुटला. तिनं तो हळूच त्याच्या तळहातावर ठेवला.

आत माग सुरू झाला.